कंबर कुणाकडे आहे?

हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या माणसाला भाषा फार लागत नाही. "श्वास घ्या." "धरून ठेवा." "सोडा." एवढ्या भांडवलावर मौनीने निम्मी नोकरी काढली होती. उरलेली निम्मीही निघाली असती, पण नव्या अधीक्षकांना माणसं जोडायचं वेड लागलं.

मौनी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते भोंग्याने ठेवलं. भोंगा हेही पाळण्यातलं नव्हे. ते सगळ्या हॉस्पिटलने एकमताने ठेवलं. दोघे शेजारशेजारच्या एक्स-रे खोल्यांत बसत आणि मधल्या भिंतीत शिशाचा पत्रा होता. त्या पत्र्यातून किरणं पलीकडे जात नसत, भोंग्याचा आवाज मात्र आरामात जायचा. पेशंटला टेबलावर झोपवून "अजिबात हलू नका हं" असं बजावलं की लगेच भोंगा त्याला असा काही किस्सा सांगायचा की तो बिचारा टेबलासकट हसायचा. त्यामुळे भोंग्याने काढलेल्या बरगड्या वाऱ्यावर वाळत घातलेल्या धोतरासारख्या दिसत. मौनीच्या फिल्मवर मात्र हाडाची रेघ न् रेघ उमटायची. डॉक्टर ती बघून खूश व्हायचे. ही कुणी काढली, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. फोटो चांगला आला की हाड चांगलं आणि वाईट आला की काढणारा गाढव, अशी एकंदर रीत आहे.

तर अधीक्षक. हा गृहस्थ एका शिबिराला गेला. जाताना बरा होता, येताना हसत आला आणि त्यानंतर ते हसू काही उतरलं नाही. शिबिरात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आरोग्यसेवेत कामापेक्षा ओळख मोठी. बरं, सांगणाऱ्याने सांगितलं, पैसे घेऊन तो निघून गेला. पण ऐकणारा आमच्या बोकांडी परत आला ना! आल्या आल्या त्याने परिपत्रक काढलं. दोन एक्स-रे खोल्या मोडून एकच मोठी खोली होणार, नवं यंत्र येणार. दोघांपैकी एक जण तिथला प्रमुख होणार आणि दुसरा चौकशीच्या खिडकीवर बसणार. आता निवड कशावर? फिल्मवर? छे! आसपासच्या सगळ्या हॉस्पिटलांतल्या मंडळींचा परिचय मेळावा भरणार होता. तिथे जो जास्त माणसं जोडील, त्याला खोली.

हे पुन्हा एकदा नीट वाचा. ज्या खोलीत कुणाशी बोलावं लागत नाही, ती मिळवायला दिसेल त्याच्याशी बोलायचं. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याला दिवसभर बोलायच्या खिडकीत नेऊन बसवायचं. हा न्याय ज्या डोक्यातून निघाला त्या डोक्याचा एकदा फोटो काढून बघायला हवा होता. पण अधीक्षकांच्या डोक्यात काय आहे हे तपासायची आपल्याकडे पद्धत नाही.

चौकशीची खिडकी म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. हॉस्पिटलात ही एकच जागा अशी की जिथे धडधाकट माणसं येतात आणि आत बसलेल्याला आजारी पाडून जातात. कान-नाक-घसा कुठे? डॉक्टर येणार कधी? आले तर थांबणार किती? लघवी कुठे द्यायची? आणि दिली त्याचं पुढे काय झालं? खिडकीवरचा आधीचा माणूस मुदतीआधीच निवृत्त झाला. आता घरी बायकोने "चहा टाकू का?" असं विचारलं तरी "पुढच्या खिडकीवर" म्हणतो म्हणे.

परिपत्रक वाचून मौनीच्या पोटात गोळा आला. घरी येऊन त्याने तो बायकोपुढे ठेवला. कागद, म्हणजे. गोळा त्याच्याजवळच राहिला.

बायको लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. वर्गात साठ पोरं एकदम बोलत असताना कुणी खोडरबर खाल्ला हे तिला पाठमोरी उभी राहून कळे. तिने कागद वाचला.

"मग बोला की थोडं. बोलायला काय जातंय?"

"काय बोलू?"

"काहीही! नमस्कार, मी अमुक, तुम्ही कोण?"

"ते कोण, हे त्यांना माहीत असणार. मी कशाला विचारू?"

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा अख्ख्या संध्याकाळीत तुम्ही एक वाक्य बोललात. आठवतंय? 'पंखा जरा कमी करता का?' माझ्या बाबांना वाटलं, मुलगा विचारी आहे."

"मग?"

"मग काय? मलाही तसंच वाटलं. फसलो दोघं."

ही गोष्ट भिंतीला कान असल्यामुळे शेजारच्या विमेवाल्यापर्यंत गेली. विमेवाला न बोलावता आला. विमेवाले तसेच येतात. सोफ्यावर मांडी ठोकून तो म्हणाला, "मौनीशेठ, बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात. ओळख ही शिकार आहे शिकार! आधी हात पकडायचा. असा! समोरच्याला वाटलं पाहिजे, हा आता सोडतोय की नाही. मग त्याचं नाव तीनदा घ्यायचं. मग मुलंबाळं विचारायची. मग कार्ड. कार्ड दिल्याशिवाय सोडायचं नाही."

"आणि त्याला ओळख नको असेल तर?"

"कुणालाच नको असते हो! मला काय लोक हौसेने घरात घेतात?"

हे मात्र अगदी खरं होतं. विमेवाल्याने सरावाचा आग्रह धरला. "आता जिन्यात जो पहिला भेटेल त्याचा हात धरा. लाजायचं नाही. डोळे मिटा आणि उडी घ्या."

मौनीने खरोखरच डोळे मिटले. जिन्यात पहिला भेटला तो गॅसवाला, खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन. मौनीने "नमस्कार" म्हणत हात पुढे केला. गॅसवाला भला माणूस. समोरचा एवढा हात देतोय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने एक हात सोडला. सिलिंडरला एका हाताची सवय नव्हती. तो आधी खांद्यावरून पायरीवर आला आणि पायरीवरून मौनीच्या अंगठ्यावर.

विमेवाला वरून ओरडला, "झाली का ओळख?"

झाली होती. इतकी पक्की झाली की गॅसवाला आजही खालून हाक मारून आधी विचारतो, "साहेब घरात आहेत का?" आहेत म्हटलं तर तो सिलिंडर खालीच ठेवून जातो.

आता अंगठ्याला फडकं बांधून मौनी लंगडत हेडक्लार्ककडे गेला, कारण परिपत्रकात तळाशी बारीक अक्षरात एक मेख होती. स्वतःचं परिचयकार्ड असल्याशिवाय मेळाव्यात प्रवेश नाही.

"कार्ड छापून हवं होतं," मौनी म्हणाला.

"कुणाचं?"

"माझं."

"अधिकारी आहात?"

"नाही."

"मग तुम्हाला कार्ड नाही. कार्डाची तरतूद फक्त अधिकाऱ्यांना."

"पण कार्डाशिवाय मेळाव्यात सोडणार नाहीत."

"बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत." हेडक्लार्कने पेनाचं टोपण लावलं. ते पेन फक्त टोपण लावण्यासाठीच ठेवलेलं होतं.

"भोंग्याला मिळालं कार्ड."

"त्यांनी मागितलंच नाही हो! ते इथे येऊन बसले, गप्पा मारल्या, चहा सांगितला, माझ्या साडूची चौकशी केली. त्या गप्पांत कार्ड कधी छापून झालं ते मलाही कळलं नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही आलात ते थेट कामाचंच बोललात. अशाने कामं होतात का?"

"बाहेरून छापून घेऊ?"

"घ्या. मग हॉस्पिटलचं नाव विनापरवाना वापरलं म्हणून मीच तुम्हाला नोटीस देईन. खरेदी विभागाकडून खास मंजुरी आणता आली तर बघा. तिथे कुणी ओळखीचं आहे?"

"नाही."

"तिथेच तर गोची आहे ना! म्हणून तर साहेब म्हणतात, ओळखी वाढवा."

मौनी परत आला तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. अंगठा ठणकत होता, मान खाली गेली होती, आणि डोळ्यांपुढे ती खिडकी, तिची जाळी आणि जाळीतून आत घुसलेली नाकं दिसत होती. बायकोने दोनदा चहा विचारला. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कपाटावर चढली आणि एक भलंमोठं पिवळं पाकीट घेऊन उतरली.

"हे काय आहे?"

"मी सायकलवरून पडलो होतो त्या वेळच्या फिल्म्स."

तेव्हा हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आलेली होती. सायकलवरून पडलेला मौनी म्हणजे त्यांना घरचंच गिऱ्हाईक. त्यांनी त्याचे टाळूपासून टाचेपर्यंत फोटो काढले. मोडलं काहीच नव्हतं. फक्त सायकल.

"म्हणजे हे सगळे तुम्हीच?"

"मीच."

"दुसऱ्या कुणाचं हाडबीड नाही ना यात? नाहीतर लोकांची हाडं वाटलीत म्हणून तुरुंगात जाल."

"नाही. सगळी माझीच."

"झालं तर मग!" बायकोने शाळेतली कात्री काढली. "कार्ड कशासाठी असतं? ओळख द्यायला. यापेक्षा जास्त ओळख तुम्ही काय देणार आहात?"

आणि तिने नवऱ्याला कापायला घेतलं. हातखंडा होताच, शाळेत पुठ्ठ्याची झाडं, घरं, बदकं कापून बोटं सरावलेली. कोपरे गोल, कडा सरळ. कवटी कापताना तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होतं. प्रत्येक तुकड्यावर तिने पांढऱ्या रंगाने सुरेख अक्षरात त्याचं नाव लिहिलं, आणि खाली 'एक्स-रे, खोली दोन'. हॉस्पिटलचं नाव नाही. हेडक्लार्कने काय ते बघून घ्यावं. मौनी खाटेवरून बघत होता. आपण एवढे असू असं त्याला वाटलं नव्हतं. अख्खा गठ्ठा झाला.

मेळावा एका हॉटेलच्या हॉलमध्ये, दुपारच्या वेळी. वर झुंबरं, खाली गालिचा, आणि मधल्या जागेत शिष्टाचार. दारावरच्या माणसाने मौनीचं कार्ड घेतलं, उलटसुलट केलं, त्यात त्याला मणका दिसला. तो दचकून कार्ड परत देत म्हणाला, "जा, जा आत."

आत भोंगा कोट घालून मधोमध उभा होता. पत्ते पिसावेत तशी कार्डं वाटत होता, पाठी थोपटत होता, एकाचा विनोद दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला सांगत होता. मौनी दारालगतच्या खांबाला चिकटला. खांब ओळखीचा वाटला. तेवढ्यात समोरून एक धिप्पाड छातीचे डॉक्टर आले. पळायला अंगठा साथ देईना. 'शिकार, शिकार' असं मनाशी घोकत मौनीने त्यांचा हात पकडला. 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून आलं, "श्वास घ्या."

डॉक्टर गोंधळले, पण आवाजात अशी काही सवयीची जरब होती की त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मौनीने त्यांच्या हातात कार्ड कोंबलं. "धरून ठेवा," तो म्हणाला, आणि तिसरं वाक्य बोलायच्या आत पसार झाला.

एवढं पुरे होतं. पुन्हा हे धाडस होणार नव्हतं. चहाच्या टेबलावर बिस्किटांच्या शेजारी त्याने उरलेला सगळा गठ्ठा ठेवला, ज्याला हवं तो घेईल, आणि हॉलच्या टोकाच्या जाड पडद्यामागे जाऊन लपला.

तिथे आधीच दोघं उभी होती.

"इथे कुणी आहे का?" मौनीने विचारलं.

"आम्ही," एक बाई कुजबुजल्या. "मी भूल देते."

"आणि मी रक्त तपासतो," शेजारचा सडपातळ माणूस म्हणाला. "तुम्ही?"

"एक्स-रे."

"या. जागा आहे."

थोड्या वेळाने भूलवाल्या बाई म्हणाल्या, "मला बोलता येत नाही असं नाही हो. पण मी पेशंटला आकडे मोजायला सांगते, आणि पाचच्या आत समोरचा झोपतो. त्यापुढचं संभाषण कसं करतात ते मला कधी शिकायलाच मिळालं नाही."

"माझ्या गावभर ओळखी आहेत," रक्तवाला म्हणाला, "पण सगळ्या बाटलीतून."

त्यानंतर तिघंही काही बोलली नाहीत. इतक्या मोकळेपणाने आपण आजवर कुणाबरोबर गप्प बसलो नव्हतो, असं मौनीला वाटलं.

पडद्याबाहेर मात्र भलतंच सुरू झालं होतं. डॉक्टराच्या हातात कागद दिला तर तो वाचील, न वाचील. पण फिल्म दिली की त्याचा हात आपोआप उजेडाकडे जातो. त्याला ते आवरत नाही. मेजवानीत द्या, मयताला द्या, तो ती वर धरणार, एक डोळा बारीक करणार आणि मत देणार. चहा घ्यायला आलेल्या प्रत्येकाने एकेक तुकडा उचलला होता आणि आता सगळा हॉल माना वर करून झुंबराकडे बघत होता.

"डावा खांदा," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "वा! काय फोटो आहे!"

"माझ्याकडे जबडा आलाय," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अक्कलदाढ आडवी आहे बघा."

"जबडा तुमच्याकडे? मग मान कुणाकडे असेल?"

"मान मघाशी त्या निळ्या टायवाल्यांनी नेली."

"ओ टायवाले! मान आहे का?"

"आहे, पण मी देणार नाही. आधी मला पाठ मिळू द्या."

"अहो, कंबर कुणाकडे आहे? कंबर?"

"अर्धी माझ्याकडे! उरलेली त्या लहान मुलांच्या बाईंकडे."

ज्यांनी एकमेकांची तोंडं बघायची नाहीत अशी शपथ घेतली होती, ते एकमेकांकडची गुडघ्याची वाटी बघू लागले. दोन म्हातारे शल्यविशारद उजव्या गुडघ्यावरून हातघाईवर आले, कारण दोघांकडेही उजवाच होता. एक म्हणे तुम्ही उलटा धरलाय, दुसरा म्हणे मी ह्या हातांनी हजार गुडघे उघडलेत. परिचारिका दोन्ही पावलं जुळवून बसल्या होत्या आणि वरच्या नडग्यांसाठी सगळ्यांच्या बशा हुडकत होत्या. कातडीचे डॉक्टर तेवढे हिरमुसून कोपऱ्यात उभे होते. "यात माझ्यासाठी काहीच नाही," ते भेटेल त्याला सांगत होते. भोंग्याची गुळगुळीत छापील कार्डं लोकांनी चहाच्या कपाखाली ठेवली होती.

"वेगवेगळं बघून काय कळणार? सगळा माणूस एकत्र लावा!" कुणीतरी सुचवलं.

"झुंबराचा उजेड पुरत नाही. खिडकी! त्या पडद्यामागे खिडकी आहे!"

सर्र करून पडदा बाजूला गेला. काचेतून दुपारचं ऊन आत आलं, आणि उन्हात भिजल्या मांजरांसारखी तीन माणसं डोळे चोळत उभी दिसली. मौनी पुन्हा पडद्याचं टोक शोधू लागला. आता सगळे विचारणार, तुम्ही कोण? आता सांगावं लागणार.

"अहो, मधून सरका ना!" हाडांचे डॉक्टर त्याच्यावर खेकसले. "उजेड अडवून काय उभे राहता? इथे माणूस लावायचाय!"

मौनी सरकला.

पाण्याचं बोट लावून एकेक तुकडा काचेवर चिकटू लागला. कवटी, जबडा, मान, खांदे. डोळ्यांदेखत मौनी उन्हात उभा राहिला, पारदर्शक, सरळ, आणि खऱ्या मौनीपेक्षा पुष्कळ ऐटदार. छातीच्या मधोमध तेवढी एक चौकोनी खिडकी उरली होती.

"काळजाचा तुकडा कुणाकडे आहे?" एकच गिल्ला झाला. खिसे उलटे झाले, पर्सा पालथ्या झाल्या. शेवटी सापडला. दाराजवळच्या खांबापाशी ते धिप्पाड छातीचे डॉक्टर कार्ड घट्ट पकडून अजून तसेच उभे होते.

"द्या इकडे!"

"कसं देऊ? मला धरून ठेवा सांगितलंय."

"कुणी?"

"होता एक जण. पुढे काही बोललाच नाही."

मौनीला राहवलं नाही. अर्धवट राहिलेलं काम बघवत नाही अशा जातीचा तो. गर्दीच्या मागून तो हळूच म्हणाला, "सोडा."

डॉक्टरांनी कार्ड सोडलं, आणि मोकळा श्वासही. तुकडा बसला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता अधीक्षक पुढे आले. आजवर त्यांनी ओळखीवर जितकी भाषणं दिली, त्यांपैकी एकानेही दोन माणसं एकमेकांशी बोलली नव्हती, आणि इथे अख्खा हॉल गुडघ्यावरून भांडत होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी काचेवरचं नाव वाचलं. "हे तर आपल्याच हॉस्पिटलातले! कुठे आहेत हे?"

भोंग्याला माहीत होतं कुठे आहेत ते. तो तोंड उघडणार, तोच गर्दीतून मौनीचे डोळे त्याला दिसले. ते डोळे हात जोडत होते. भोंग्याने तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

"नाहीत वाटतं इथे. असू दे!" अधीक्षक गहिवरून म्हणाले. "एवढी माणसं जोडणारा माणूस आपण अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवला? ही चूक मी आजच सुधारतो. ह्यांना चौकशीची खिडकी!"

पुन्हा टाळ्या. मौनीनेही वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

"जिंकलात का?" बायकोने दार उघडत विचारलं.

"हो."

"मग तोंड असं का?"

"जिंकलो म्हणून."

अशा रीतीने खोली भोंग्याला मिळाली, हरल्याची शिक्षा म्हणून, आणि मौनी खिडकीत जाऊन बसला. पहिल्याच सकाळी एका माणसाने विचारलं, "डोळ्यांचे डॉक्टर कधी येतात?" मौनीने खूप विचार केला आणि खरं ते सांगितलं, "माहीत नाही." मग मागच्याने विचारलं, "मग तुम्ही इथे कशाला बसलात?" हेही मौनीला माहीत नव्हतं. रांग वाढत गेली. लोक जाळीवर नाकं दाबून ओरडायचे, मौनी दिशा दाखवायचा, आणि त्याने दाखवलेल्या दिशेने गेलेले थोड्या वेळाने दुसऱ्या दिशेने परत यायचे. त्याचं जेवण तुटलं. झोपेत तो 'पुढच्या खिडकीवर' म्हणू लागला, तेव्हा बायकोचं धाबं दणाणलं.

तिकडे नव्या खोलीत यंत्र नवं होतं आणि किस्से जुनेच. पेशंट हसत, फिल्म हलत, डॉक्टर ती तोंडावर फेकून मारत आणि "पुन्हा काढून आणा" म्हणत. पेशंटने जायचं कुठे? चौकशीला. एका मावशीबाईंची बरगडी दुखावली होती. त्या तिसऱ्यांदा परत आल्या.

"हा तुमचा माणूस मला हसवतो हो! बरगडी मोडलेल्या बाईला हसवतो! मी कुणाला सांगू?"

मौनीने बोट वर केलं.

"बोट नका दाखवू! तुम्ही तोंड उघडता की मी ही जाळी उघडू?"

मौनीने दोन्ही केलं नाही. मग जे आजवर केलं नव्हतं ते त्याने केलं. उठला, बाहेर आला, "चला" म्हणाला, आणि मावशीबाईंना घेऊन सरळ एक्स-रे खोलीशी जाऊन दारावर टकटक केली. इतकी वर्षं शेजारी बसून त्याने भोंग्याचं दार कधी वाजवलं नव्हतं.

भोंगा सगळे दिवे लावून बसला होता. एकटाच. यंत्राला किस्सा सांगत होता.

"हसायला आलास?"

"नाही." मौनीने मावशीबाईंना आत घेतलं. "तुला खिडकी हवी का?"

भोंग्याने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "अरे, मला इतके दिवस कुणी विचारलंच नाही! मला अंधाराची भीती वाटते रे. लहानपणापासून. दिवा घालवला की छातीत धडधडतं, म्हणून तर बोलत सुटतो. बरं, पेशंट गोष्ट ऐकायला थांबतो का? फोटो झाला की शर्ट घातला आणि चालला. शेवट ऐकायला एक जण थांबत नाही!"

"मग त्या मेळाव्यात एवढा धडपडलास कशाला?"

"सगळे म्हणाले, खोली म्हणजे बढती. म्हटलं, आपल्यालाही हवीच असणार. तुला तरी खोलीच हवी होती ना? मला सांगायचंस!"

"तू विचारलंस?"

"तू विचारलंस?"

दोघांच्या मधल्या भिंतीत शिसं होतं हे खरं, पण एवढं नव्हतं.

"अहो, तुमची गळाभेट झाली असेल तर माझी बरगडी बघता का?" मावशीबाई म्हणाल्या.

भोंगा खिडकीकडे पळाला. मौनीने दिवा घालवला, काचेमागे जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या अंगात जीव आला. "श्वास घ्या."

"घेतला बाई एकदाचा!"

"धरून ठेवा."

त्या दिवसापासून बदलीचा आदेश निघाला नाही, अर्ज झाला नाही, हेडक्लार्कच्या पेनाचं टोपण निघालं नाही. कागदावर मौनी खिडकीत आहे आणि भोंगा खोलीत. फिल्म स्वच्छ येतात. चौकशीला आलेली माणसं आपण काय विचारायला आलो होतो ते विसरून भोंग्याचा किस्सा शेवटपर्यंत ऐकतात आणि खूश होऊन घरी जातात. अधीक्षकांना याची गंधवार्ता नाही, कारण ते माणसं जोडण्याच्या कामात असतात आणि खोली किंवा खिडकी यांकडे फिरकायला त्यांना सवड होत नाही.

वर्षअखेरीस 'उत्कृष्ट लोकसंपर्क' म्हणून चौकशीच्या खिडकीला बक्षीस जाहीर झालं. सभागृहात मौनीचं नाव पुकारलं गेलं. शेवटच्या रांगेत, भूलवाल्या बाई आणि रक्तवाला यांच्या मधे बसलेल्या मौनीने खुर्ची घट्ट धरली. त्याने पुढच्या रांगेतल्या भोंग्याकडे बघितलं. भोंगा उठला, कोट नीट केला, व्यासपीठावर चढला, मौनीचं बक्षीस घेतलं, आणि खालचा चहा गार होईपर्यंत मौनीच्या वतीने आभार मानले.

अधीक्षकांनी त्याला भरसभेत मिठी मारली.

"मी एकदा पाहिलेला माणूस जन्मात विसरत नाही," ते म्हणाले, "आणि तुम्हाला तर त्या दिवशी काचेवर टाळूपासून टाचेपर्यंत पाहिलंय." मग त्यांनी भोंग्याच्या सुटलेल्या पोटावर प्रेमाने थाप मारली. "फक्त तेव्हापेक्षा अंगाने जरा भरलात हं!"